पोस्टरमधला पुरुष कुठे गेला?

मार्च महिना जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून पोस्टरांची लगबग सुरू होते. ८ मार्चला जागतिक महिला दिन, १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन आणि त्यानंतर महिनाभराने जयंती. शाळेत मुलांना 'स्त्री-पुरुष समानता' असा विषय देतात आणि चार्टपेपरवर चित्र काढून आणायला सांगतात. महिला मंडळ विहाराच्या भिंतीवर लावण्यासाठी दोन-चार पोस्टर करून घेते. तरुण मंडळ चौकात फ्लेक्स टांगते. मुलगा किंवा मुलगी चार्टपेपर घेऊन घरी आली की आईवडिलांपुढे प्रश्न उभा राहतो, यावर काढायचे तरी काय? यावेळी या सदरात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. विषय दिसायला लहान आहे. परंतु समता म्हणजे आपल्याला नेमके काय अभिप्रेत आहे, हे एका कागदावर मांडायला बसले की आपल्या विचारातल्या फटी लगेच दिसू लागतात.

आजवर आपण पाहिलेली पोस्टर आठवून पाहा. त्यांचे चार-पाच ठराविक साचे आहेत. पहिला साचा साखळदंडातल्या बाईचा. डोळ्यांत अश्रू, हातात बेड्या, मागे अंधार. दुसरा साचा दहा हातांच्या बाईचा. एका हातात पोळपाट-लाटणे, दुसऱ्यात बाळ, तिसऱ्यात संगणक, चौथ्यात फाईल, पाचव्यात झाडू. या चित्राचे फार कौतुक होते. पण विचार करा, ते चित्र सांगते काय? नोकरीही तिनेच करायची, स्वयंपाकही तिनेच, मूलही तिनेच सांभाळायचे, आणि वर तिला देवी म्हणून हात जोडायचे. हा समतेचा गौरव नव्हे, दुप्पट कामाची भलामण आहे. तिसरा साचा तराजूचा. एका पारड्यात पुरुष, दुसऱ्या पारड्यात स्त्री, काटा बरोबर मध्ये. चित्र नीटनेटके दिसते, परंतु त्यातून कोणी काय करायचे याचा बोध होत नाही. शिवाय तराजूत एक पारडे वर गेले की दुसरे खाली जातेच. बाईला मिळाले म्हणजे पुरुषाचे गेले, असा उलटाच अर्थ पाहणाऱ्याच्या मनात उमटतो.

चौथा साचा 'मुलगी वाचवा' या घोषणेचा. मुलगी नसेल तर सून कुठून आणणार, राखी कोण बांधणार, असा सवाल त्यात असतो. हेतू चांगला, पण तर्क घातक. म्हणजे मुलीने जन्मायचे ते कोणाची तरी सून, बहीण किंवा बायको होण्यासाठी! ती स्वतः माणूस आहे एवढे कारण पुरेसे नाही काय? महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९८८ सालीच केला, देशाचा कायदा १९९४ साली झाला. तरीही जनगणनेप्रमाणे आपल्या राज्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ अशी घसरत गेली. या सगळ्या काळात भिंतीवर घोषणा होत्याच. नुसत्या घोषणेने मनातली गणिते बदलत नाहीत, हा यातला धडा आहे.

आता या चारही साच्यांत पुरुष कुठे आहे ते शोधा. एक तर तो नाहीच. असलाच तर वर उगारलेली एक मूठ आहे, किंवा बाटली घेतलेली काळी सावली आहे. तराजूत आहे, पण तिथे तो नुसता बसलेला आहे. परिणाम असा होतो की भिंतीजवळून जाणारा रिक्षावाला, पालिकेचा सफाई कामगार, कॉलेजातला तरुण त्या पोस्टरकडे एक नजर टाकतो आणि "हे बायकांचे आहे" असे मनाशी म्हणून पुढे जातो. ज्याच्या वागण्यात फरक पडायला हवा, त्याच्याशी पोस्टर बोललेच नाही. आणि ज्या भगिनी ते पाहतात त्यांना आपले दुःख पुन्हा एकदा चित्रात दिसते, एवढेच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. समता हा बायकांचा प्रश्न नाही. तो घरात राहणाऱ्या दोघांचा प्रश्न आहे. विषमतेने बाईचे आयुष्य चिरडले जाते आणि पुरुषाचेही आयुष्य खुरटते. म्हणून चांगल्या पोस्टरमध्ये पुरुष दिसला पाहिजे, काही तरी करताना दिसला पाहिजे, आणि त्या करण्याने दोघांचेही काय भले होते हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

यावर काही भगिनी रागाने विचारतील, आणि त्यांचा राग रास्त आहे, की सगळीकडे पुरुषांचीच चित्रे आहेत. निदान आमच्या दिवसाच्या पोस्टरवर तरी आम्हाला जागा राहू द्या. मार आम्ही खायचा आणि चित्रही त्यांचेच काढायचे काय? त्यांना आमचे उत्तर असे की पोस्टरवर पुरुषाला जी जागा द्यायची ती मानाची खुर्ची नव्हे, ती जबाबदारीची जागा आहे. दुसरे असे की प्रश्न केवळ पुरुषाच्या डोक्यातला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना आणि पुरुषांना विचारले गेले की नवऱ्याने बायकोला मारणे काही कारणांसाठी योग्य ठरते काय. न सांगता घराबाहेर जाणे, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणे, स्वयंपाक नीट न करणे अशी ती कारणे होती. त्यांपैकी निदान एका कारणासाठी मारणे योग्य आहे असे शंभरातल्या ४४ पुरुषांनी सांगितले. आणि स्त्रियांनी? शंभरातल्या ४५ जणींनी! मारणारा हात पुरुषाचा असेल, पण त्या हाताला "मुकाट्याने सोस" म्हणून बळ देणारी जीभ कधी सासूची, कधी आईचीही असते. म्हणजेच लढा बाई विरुद्ध पुरुष असा नाही. तो दोघांच्याही डोक्यात बसलेल्या मनूविरुद्ध आहे. म्हणून पोस्टरही दोघांशी बोलले पाहिजे.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीविना विवाह लावण्याची जी पद्धत सुरू केली, तिच्यात वधू आपल्या हक्काविषयी बोलते आणि वर तिला वचन देतो. समता दोघांच्या तोंडून वदवली गेली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला तेव्हा हा केवळ बायकांचा प्रश्न आहे असे म्हटले नाही. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला झालेल्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की पत्नीने पतीची गुलाम न होता त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे. मैत्री एकट्याने होत नाही. तिला दोघे लागतात. हेच आपल्याला कागदावर उतरवायचे आहे.

परदेशातील दोन उदाहरणे

या बाबतीत इतरांनी काय केले ते पाहणेही उपयोगाचे आहे. इंग्लंडमध्ये १९७० च्या सुमारास तेथील आरोग्य शिक्षण मंडळाने एक पोस्टर काढले. त्यात स्वेटर घातलेला एक साधा पुरुष उभा आहे, त्याचे पोट नऊ महिन्यांच्या गरोदर बाईसारखे पुढे आले आहे, एक हात पोटावर आहे आणि चेहरा पडलेला आहे. खाली पुरुषालाच प्रश्न केला होता की दिवस तुलाच गेले असते तर तू अधिक काळजी घेतली असतीस का? बाईच्या दुःखाचे एकही चित्र न काढता, पुरुषाला शिवीगाळ न करता, त्या पोस्टरने त्याला तिच्या जागी उभे केले. ते पोस्टर आजही जाहिरातकला शिकणाऱ्यांना दाखवले जाते.

दुसरे उदाहरण स्वीडनचे. त्या देशाने १९७४ साली बाळंतपणाच्या रजेचे रूपांतर आई आणि वडील दोघांनाही घेता येईल अशा पगारी रजेत केले. पण पुरुष रजा घेईनात. सुरुवातीला एकूण रजेच्या दिवसांपैकी शेकडा एक दिवसही पुरुषांनी घेतला नाही. बाळ सांभाळणे म्हणजे बायकी काम, अशी तिथेही समजूत होती. तेव्हा त्या दशकाच्या अखेरीस सरकारने एक पोस्टर काढले. त्यात लेनार्ट डालग्रेन नावाचा त्या देशाचा प्रसिद्ध भारोत्तोलक हसतमुखाने उभा आहे आणि लोखंडाच्या वजनाऐवजी त्याच्या बलदंड हातात एक तान्हे मूल आहे. बाळ घेतल्याने पुरुषाचे पुरुषपण कमी होत नाही, हे एक शब्दही जास्त न वापरता सांगितले गेले.

मात्र कथेचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. एवढे सुंदर पोस्टर लागूनही रजा घेणाऱ्या पुरुषांची संख्या फार हळू वाढली. १९९५ साली सरकारने नियम केला की रजेचा एक महिना आई-वडिलांपैकी प्रत्येकाच्या नावाचा, एकाने न घेतल्यास तो दुसऱ्याला मिळणार नाही, बुडेल. त्यानंतर रजा घेणाऱ्या वडिलांची संख्या लक्षणीय वाढली. पुढे २०१६ पासून हा राखीव काळ ९० दिवसांचा झाला. याचा अर्थ पोस्टर निरुपयोगी होते असा नव्हे. पोस्टर मन तयार करते, पण पाऊल उचलण्यासाठी नियम, हक्क आणि सोय लागते. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, पण त्या दुरुस्तीत वडिलांचे नाव नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची रजा मिळते. पण नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनीच्या वाट्याला २६ आठवडे येत नाहीत, तिच्या नवऱ्याच्या वाट्याला १५ दिवसही येत नाहीत. हा विषयदेखील पोस्टरचा आहे.

तीन कच्चे आराखडे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एका पोस्टरमध्ये एकच गोष्ट सांगावी. शिक्षण, हुंडा, स्वयंपाक, नोकरी आणि भ्रूणहत्या हे सगळे एका कागदावर कोंबले की काहीच लक्षात राहत नाही. आम्ही तीन विषय सुचवतो.

पहिला विषय वेळेचा. सरकारनेच २०१९ साली देशभर पाहणी केली की लोक आपला दिवस कसा घालवतात. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी, त्यात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. पण घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात शंभरात २६ निघाले, स्त्रिया ८१. हीच पाहणी २०२४ साली पुन्हा झाली तेव्हा स्त्रियांची २८९ मिनिटे झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत तिचा वेळ दहा मिनिटांनी कमी झाला आणि त्याचाही नऊ मिनिटांनी कमीच झाला! कागदावर दोन मोठी घड्याळे काढा. एकात जवळजवळ पाच तासांचा भाग रंगवलेला, दुसऱ्यात दीड तासाचा. मध्ये घरातली दोघे मिळून भांडी घासताना. आणि खाली हिशोब, की काम वाटले तर संध्याकाळी दोघांनाही एकत्र बसायला, मुलांचा अभ्यास घ्यायला वेळ उरतो. यात पुरुषाचा लाभ कोणता, असे कोणी विचारील. ज्या बापाची मुले त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात, त्याला हा प्रश्न पडत नाही.

दुसरा विषय कुटुंबनियोजनाचा. संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३८ साली मुंबई विधानसभेत मांडला गेला होता, म्हणजे हा विषय आपल्या चळवळीला जुनाच आहे. आजची स्थिती काय? वर सांगितलेल्या आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील १५ ते ४९ वयाच्या दर हजार विवाहित स्त्रियांपैकी ३७९ जणींची स्वतःची शस्त्रक्रिया झालेली आहे. नवऱ्याची शस्त्रक्रिया झाली आहे अशा किती? हजारात तीन! वास्तविक पुरुषाची बिनटाका नसबंदी ही त्यातली सोपी शस्त्रक्रिया. तेवढी जागाच बधिर करतात, पोट उघडावे लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. तिच्याने ताकद कमी होते, जड काम होत नाही, पुरुषत्व जाते, या सगळ्या खोट्या समजुती आहेत. एवढे मात्र खरे की तिचा परिणाम पूर्ण व्हायला सुमारे तीन महिने लागतात. तोवर दुसरे साधन वापरावे आणि डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी. या विषयाचे पोस्टर चित्रकला न येणाऱ्यालाही जमेल. कागदाच्या एका बाजूला लाल रंगाचे ३७९ ठिपके द्या, दुसऱ्या बाजूला फक्त तीन. खाली एकच वाक्य, "मूल दोघांचे, शस्त्रक्रिया एकटीची का?" आमची खात्री आहे की त्या तीन ठिपक्यांपाशी माणसे थांबतील.

तिसरा विषय मन मोकळे करण्याचा. आपण लहानपणापासून मुलाला सांगतो, "बाप्या माणसाने रडायचे नसते." कमवायचे त्यानेच, कर्ज फेडायचे त्यानेच, हरला तरी बोलायचे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते, म्हणजे दहांत सात. आणि सर्व आत्महत्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती. ही आपलीच माणसे आहेत. या मरणांमागे कौटुंबिक समस्या, आजारपण, दारिद्र्य अशी अनेक कारणे आहेत, सगळा दोष 'मर्दपणा'वर टाकणे बरोबर होणार नाही. पण मनातले कोणाजवळ बोलायचेच नाही, ही शिकवण माणसाला एकटे पाडते, यात शंका नाही. या पोस्टरवर फास, विष, रेल्वेरूळ असे काही काढू नये. त्याने खचलेल्या माणसाचे नुकसानच होते. दोन मित्र कट्ट्यावर बसून बोलताहेत, किंवा नवरा बायकोजवळ मन मोकळे करतो आहे, असे साधे चित्र काढावे आणि खाली सरकारच्या टेलि-मानस या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या आकड्यांत लिहावा.

येथे एक इशारा. पुरुषाचे दुःख दाखवायचे ते बाईचे दुःख झाकण्यासाठी नव्हे. "आम्हीही पीडित आहोत, मग तुम्ही कशाला ओरडता?" असा सूर काही लोक काढतात. त्या पंक्तीत आपले पोस्टर जाऊन बसता कामा नये. ज्या व्यवस्थेने बाईला घरात कोंडले, तिनेच पुरुषाला "रडू नकोस" असे बजावले. दोघांची सुटका एकाच दाराने आहे, हे त्यात दिसावे.

शब्द, अक्षर आणि रंग

पोस्टरवर दहा-बारापेक्षा अधिक शब्द नसावेत. त्यातही एक शब्द आवर्जून टाळावा, तो म्हणजे 'मदत'. "बायकोला घरकामात मदत करा" असे लिहिले की काम मुळात तिचे आणि नवरा उपकार करणारा, असे ठरते. 'मदत' ऐवजी 'वाटा' म्हणा. "जेवण दोघांचे, कामाचा वाटा दोघांचा." तसेच 'वाचवा', 'द्या', 'करा' असा हुकूम देण्यापेक्षा 'आपण दोघे' म्हणावे, 'करूया' म्हणावे. आपल्या मराठीत क्रियापदाला लिंग चिकटते. 'तो शिकतो' लिहिले की ती गळते, 'ती शिकते' लिहिले की तो गळतो. 'आपण' आणि 'करूया' या शब्दांत दोघेही मावतात.

वर्तुळाला बाण आणि वर्तुळाला फुली अशी स्त्री-पुरुषांची चिन्हे पुस्तकांत ठीक आहेत, पण वस्तीतल्या आजीला ती कळत नाहीत. माणसेच काढावीत, आणि ती आपल्या वस्तीतली असावीत. मुलांच्या रंगपेटीत 'अंगाचा रंग' म्हणून जो गुलाबी खडू असतो, तो बाजूला ठेवायला सांगा. आपली माणसे सावळी आहेत, काळी आहेत. समतेच्या पोस्टरवर सगळे गोरेपान कशासाठी? पुरुष कोट-टायमधला नको, खाकी गणवेशातला किंवा बनियनमधला चालेल. स्वयंपाक करणारा पुरुष काढताना त्याचे हात भाजलेत, पोळीचा नकाशा झालाय, असला विनोद करू नये. हसण्यावारी नेले की काम पुन्हा तिच्याकडेच जाते. तो सहजपणे, रोजची सवय असल्यासारखा काम करताना दिसावा.

अक्षरांबाबत एक ठोकताळा सांगतो. दहा फुटांवरून सहज वाचता यावे असे वाटत असेल तर अक्षर निदान एक इंच उंचीचे हवे. चौकात रस्त्यापलीकडून, म्हणजे तीस-चाळीस फुटांवरून वाचायचे असेल तर तीन-चार इंच. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींत पुरेसे अंतर सोडावे, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. वाक्य आधी जुन्या वर्तमानपत्रावर पट्टीब्रशने लिहून पाहावे, मग चार्टपेपरला हात लावावा. पांढऱ्यावर पिवळे अक्षर दिसत नाही, पिवळ्यावर काळे किंवा गडद निळे लांबून उठते. लाल पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे नकोत, कारण लाल-हिरव्यातला फरक काही जणांना दिसत नाही आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण बरेच अधिक असते. पुरुषासाठी काढलेले पोस्टर पुरुषालाच वाचता येऊ नये, असे व्हायला नको!

पोस्टर भिंतीवर जाण्याआधी चार जणांना दाखवावे. वाचता न येणारी एखादी आजी, दहावीतला मुलगा, नुकतेच लग्न झालेली मुलगी आणि कामावरून थकून आलेला बाप्या. "आवडले का?" असे विचारू नये, आपली माणसे भिडेखातर हो म्हणतात. "यात काय चालले आहे?" असे विचारावे. चौघांनी चार अर्थ सांगितले तर चित्र बदलावे.

खालच्या ओळीतली नावे

आता सर्वांत नाजूक गोष्ट. महिला दिनाचा फ्लेक्स नीट पाहिलात काय? वर कोपऱ्यात सावित्रीबाईंचा बोटाएवढा फोटो, मध्ये भाऊंचा पुरुषभर उंचीचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून वीस-बावीस चेहरे, सगळे मंडळाचे पुरुष पदाधिकारी. दिवस बायकांचा, भिंत भाऊंची! अशा फ्लेक्सवर समतेविषयी कितीही सुंदर वाक्य छापले तरी खालची ओळ त्याला खोटे पाडते. आमची सूचना अशी की समतेच्या पोस्टरवर एकाही नेत्याचा वा पदाधिकाऱ्याचा फोटो नसावा. ज्यांनी काम केले त्यांची नावे द्यायचीच असतील तर ती लहान अक्षरांत, स्त्रियांची आणि पुरुषांची सारखीच द्यावीत. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाचे नाव लिहिताना आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहिले जाते. मंडळातील तरुणांनीही आपल्या नावात आईचे नाव लिहायला काय हरकत आहे? जन्मतारीख आड येत नाही.

पोस्टर काढणारे हातही पाहावेत. बहुतेक वेळा वाक्य मुलगा सुचवतो, चित्र मुलगा काढतो, आणि मुलगी कडेची नक्षी रंगवते व सगळ्यांसाठी चहा करून आणते. एका कागदाभोवती निम्मी मुले, निम्म्या मुली बसवाव्यात. चहा त्यादिवशी मुलांनी करावा. मुलगा आणि मुलगी एकत्र बसून वाक्यावर वाद घालतील, "असे नको, तसे म्हणू" असे एकमेकांना सांगतील, तिथेच समतेचे निम्मे शिक्षण होते. तयार पोस्टरपेक्षा आम्हाला तो वाद अधिक मोलाचा वाटतो.

पोस्टर लागले, फोटो काढले, कार्यक्रम झाला. पुढे काय? स्वीडनच्या गोष्टीतून आपण पाहिले की चित्रामागोमाग नियम आला तेव्हा माणसे बदलली. देशाचा कायदा करणे आपल्या हातात नसेल, पण मंडळाचे नियम आपल्याच हातात आहेत. जयंतीच्या समितीत निम्म्या स्त्रिया घ्याव्यात, आणि त्यांतली एक खजिनदार असावी. जयंतीच्या दिवशी भगिनी भातवाढीला आणि बांधव व्यासपीठावर, ही वाटणी मोडावी. बैठका रात्री दहाला न ठेवता अशा वेळी ठेवाव्यात की घरातली कामे टाकून कोणालाही पळावे लागू नये. हुंडा घेणे जसा गुन्हा आहे तसा देणेही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून हुंड्याच्या लग्नात मंडळाने मांडव घालू नये. पोस्टरच्या शेजारी हे नियम एका साध्या कागदावर लिहून लावावेत आणि सहा महिन्यांनी ते पाळले गेले की नाही याचा हिशोब त्याच भिंतीवर द्यावा.

घरातल्यांसाठी तर आणखी सोपे आहे. मुलाने किंवा मुलीने काढलेले पोस्टर शाळेतून परत आले की गुंडाळून माळ्यावर टाकू नका. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. मुले रोज ते पाहतील, आणि चित्रातला बाप भांडी घासतो आहे व आपला बाप टीव्ही पाहतो आहे, हे त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही. मुले मोठ्याने काही बोलणार नाहीत कदाचित, पण पाहतील. बांधवांनो, त्या वेळी उठून एक भांडे हातात घेणे फार अवघड नाही.

आपल्या वस्तीत, शाळेत वा विहारात असे पोस्टर तयार झाले तर त्यातले वाक्य आणि चित्राचे वर्णन आम्हाला अवश्य कळवा. चांगल्या कल्पना या सदरातून इतर वस्त्यांपर्यंत पोहोचवू. पत्रात एवढे मात्र लिहायला विसरू नका की त्या दिवशी चहा कोणी केला होता.